ज्यांना उद्याचे ठाऊक नव्हते : विजयदुर्गावरच्या कादंबरीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एक विनंती केली होती. 1755 आणि 1756 या दोन वर्षांत कोकण किनाऱ्यावर जी राजकीय उलथापालथ झाली, तिच्यावरची एक ऐतिहासिक कादंबरी सध्या अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचनालयांतून हातोहात फिरते आहे. ती वाचून काय पटले आणि काय खटकले ते मोकळेपणाने कळवावे, अशी ती विनंती होती. आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे, आवश्यक तेवढी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहे. कादंबरीचे नाव मुद्दाम छापलेले नाही आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांची गावे दिली आहेत, कारण या पत्रांतले प्रश्न त्या काळावर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाला विचारावेत असे आहेत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. विजयदुर्गावर हिशेब लिहिणारा एक तरुण कारकून ही गोष्ट सांगतो. एप्रिल 1755 मध्ये हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पडल्याची बातमी गडावर येते, तेथे कथेला आरंभ होतो. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाचे सरखेल (आरमारप्रमुख) तुळाजी आंग्रे यांचे आरमार वाघोटन खाडीच्या मुखाशी जळते, तेथे ती संपते. मधल्या दहा महिन्यांत पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांची युती, आंग्रे घराण्यातली फूट आणि गडावरच्या साध्या माणसांची घालमेल असा तिचा पसारा आहे.

प्रश्न : कादंबरीच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांचा एक वृद्ध मुत्सद्दी त्यांना बजावतो की, आज ज्या टोपीकरांना (युरोपीयांना) आपण आपल्याच सरखेलावर चालून जाण्यासाठी बोलावतो आहोत, ते उद्या साऱ्या हिंदुस्थानचे धनी होतील. हा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वाचनकट्ट्यातल्या मंडळींचे मत मात्र असे पडले की, साऱ्या कादंबरीतला सर्वांत कच्चा प्रसंग हाच. लेखकाला एवढेही स्वातंत्र्य नसावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या अंगावर काटा का आला ते मी समजू शकतो, कारण पुढे काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. 1757 ची प्लासी आणि 1818 मधली पेशवाईची अखेर आपल्या मनात आधीपासूनच होती. लेखकाने आपले तेच ज्ञान त्या वृद्धाच्या तोंडी घातले आणि आपल्याला ते परत ऐकू आले. प्रसंग कल्पिण्याचे स्वातंत्र्य लेखकाला आहेच, आणि ते काढून घेतले तर कादंबरी सोडून बखरच वाचावी लागेल. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या एका भाषणामुळे कादंबरीतली बाकीची सगळी माणसे आंधळी ठरतात. एकाला जर इतके स्वच्छ दिसत होते तर नानासाहेबांना ते का दिसू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो, आणि मग त्यांना मूर्ख तरी म्हणावे लागते किंवा घरभेदी तरी. खरोखरीच पुढल्या शंभर पानांत लेखकाने त्यांना तसेच रंगवले आहे.

1755 साली पुण्याहून किनाऱ्याकडे पाहणाऱ्या माणसाला काय दिसत होते, ते एकदा मनाशी आणावे. मुंबई बेट 1668 पासून इंग्रजांच्या कंपनीकडे होते, पण त्या बेटाबाहेर त्यांची फारशी मातबरी नव्हती. 1717 मध्ये त्यांनी विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला, 1721 मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले, आणि प्रत्येक वेळी तुळाजींचे वडील कान्होजी आंग्रे यांनी त्यांना परतवले. 1724 मध्ये वलंदेजही (डच) विजयदुर्गावर आले आणि हात हलवत गेले. याउलट 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेऊन पोर्तुगीजांची उत्तर कोकणातली सत्ता मोडून काढली होती. जंजिऱ्याला सिद्दी होता, गोव्याला फिरंगी होते, आणि इंग्रज या गर्दीतले एक होते. अशा वेळी काट्याने काटा काढावा असे एखाद्या राज्यकर्त्याला वाटले, तर त्याचा निर्णय चुकीचा ठरला असे आपण म्हणू शकतो; त्याने डोळे मिटून घेतले होते असे म्हणू शकत नाही.

तुळाजींशी वैर धरण्यास नानासाहेबांना कारणेही होती. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी वारले आणि राज्याचा सारा कारभार पेशव्यांच्या हाती एकवटला. तुळाजींनी ते वर्चस्व मानले नाही. दोन सत्ताकेंद्रांतला हा झगडा त्या दोघांनाही जिवाचा वाटत होता. मार्च 1755 मध्ये कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्या मार्फत इंग्रजांशी करार झाला, आणि 2 एप्रिलला कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. आतला दारूखाना उडाला आणि जो गड पडायला महिने लागतील असे वाटत होते तो थोड्याच अवधीत पडला. या अनपेक्षित यशाने पुण्यात काय वाटले असेल? मला वाटते, आनंदाबरोबर थोडी शंकाही आली असेल, आणि लेखकाने त्या वृद्ध मुत्सद्द्याकडून तीच वदवून घ्यायला हवी होती. “किल्ला ते घेतील खरे, पण घेतलेला किल्ला आपल्या हवाली करतील काय?” असे त्याने विचारले असते, तर ते त्या काळातल्या अनुभवी माणसाला शोभले असते. ही शंका पुढे अक्षरशः खरी ठरली. तिच्याविषयी शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिणार आहे.

प्रश्न : त्या वृद्ध मुत्सद्द्याच्या भाषणाला पुष्कळजण काळविपर्यास म्हणतात, पण मला ते मान्य नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यनीतीवरच्या त्यांच्या ग्रंथात, टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे, आणि तो या घटनांच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीचा आहे. मग 1755 मध्ये कोणी तसे बोलला तर त्यात वावगे काय?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझे वरचे उत्तर पुन्हा तपासावे लागले, आणि त्याबद्दल आपले आभार मानतो. 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांचे प्रकरण आहे, आणि ते आजही वाचताना थक्क व्हायला होते. हे लोक सावकारी करतात, परंतु इतर सावकारांसारखे ते नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. तेव्हा धोका कोणालाच कळला नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तसे माझ्या उत्तरातून सूचित झाले असेल तर ते मी मागे घेतो.

मात्र आज्ञापत्रातला इशारा आणि कादंबरीतले भाषण यांतला फरक आपण पाहावा. अमात्य भविष्य सांगत नाहीत, उपाय सांगतात. टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यायचीच असेल तर ती समुद्राच्या काठी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, राजापुरासारख्या काही कोस आत असलेल्या ठिकाणी द्यावी, आणि तेथेही त्यांना पक्के, मजबूत बांधकाम करू देऊ नये, असे ते बजावतात. हा कारभाऱ्याचा विवेक आहे. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टींवरून तो आलेला आहे. ‘साऱ्या हिंदुस्थानचे धनी’ हे वाक्य मात्र 1818 नंतर जन्मलेल्या माणसाचेच आहे.

आपण हा ग्रंथ पुढे आणला नसता तर एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली असती. 1755 च्या करारात इंग्रजांना काय मिळाले? बाणकोट मिळाले. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखावरचा तो गड, म्हणजे अमात्यांनी जी जागा कधीही देऊ नये म्हणून सांगितले होते, नेमकी तशी जागा. इंग्रजांनी त्याला आपल्या भाषेत ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. कादंबरीत बाणकोटचा उल्लेख दोन ओळींत उरकला आहे. त्या मुत्सद्द्याच्या हाती आज्ञापत्राची एक मोडी नक्कल देऊन त्याला करारातले बाणकोटचे कलम वाचायला बसवले असते, आणि ते वाचून तो काहीही न बोलता कागद खाली ठेवतो असे दाखवले असते, तर त्या एका प्रसंगाने साऱ्या कादंबरीची उंची वाढली असती. मला हे सुचले ते आपल्या पत्रामुळे.

प्रश्न : माझे विद्यार्थी सहलीला विजयदुर्गावर जातात. तुळाजी आंग्रे चाचे होते की स्वातंत्र्यवीर, असा प्रश्न ते हमखास विचारतात. कादंबरीत ते निष्कलंक वीर आहेत. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मी त्यांना लुटारू म्हटलेले वाचले. मुलांना मी काय सांगावे?
— एक शिक्षिका, देवगड

उत्तर : मुलांना प्रथम दस्तक म्हणजे काय ते सांगावे. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने आपला परवाना घ्यावा, तो न घेतल्यास जहाज धरले जाईल, हा नियम किनाऱ्यावरच्या प्रत्येक सत्तेने चालवला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकापासून सर्वांवर लादला होता आणि इंग्रजही आपले परवाने देत असत. आंग्र्यांनी दस्तकाची मागणी केली तेव्हा इंग्रजांनी तिला चाचेगिरी म्हटले, कारण तो अधिकार मान्य केला असता तर समुद्राचा मालक दुसरा कोणी आहे हे मान्य करावे लागले असते. एवढे समजले की ‘चाचे’ हा शब्द कोणी, कोणासाठी आणि कशासाठी वापरला हे मुलांना आपोआप कळेल.

परंतु त्यांना निष्कलंक वीर म्हणणे हेही मला पटत नाही, आणि ही कादंबरीतली मोठी उणीव आहे असे मी मानतो. तुळाजींनी ज्यांची जहाजे धरली त्यांत आपलेही व्यापारी होते, आणि शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखाला त्यांचा उपद्रव झाला होता. आंग्र्यांच्या घरातला कलह तर त्याही आधीचा. कान्होजी 1729 मध्ये वारले, थोरले पुत्र सेखोजी 1733 मध्ये गेले, आणि मग संभाजी व मानाजी या भावांत तेढ पडून 1735 मध्ये घराण्याची दोन ठाणी झाली : कुलाब्याला मानाजी आणि विजयदुर्गाला संभाजी. त्या वाटणीत मध्यस्थी केली ती बाजीराव पेशव्यांनी. संभाजींच्या मागे तुळाजी विजयदुर्गाचे धनी झाले. एकसंध राहिले असते तर हे घराणे पेशव्यांना आणि इंग्रजांना, दोघांनाही जड गेले असते. ही फूट कादंबरीत आहे, पण तिचा सगळा दोष पुण्याकडे ढकलून लेखक मोकळा झाला आहे. भावांनी स्वतः काय केले याचा विचार त्याने केला असता, तर तुळाजींची व्यक्तिरेखा अधिक खोल झाली असती आणि आपल्याला त्यांच्याविषयी कळवळाही अधिक वाटला असता.

जेथे लेखक खरोखर जिंकला आहे ते प्रकरणही सांगतो, कारण एवढी टीका केल्यावर ते सांगणे माझे कर्तव्य आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन आणि कर्नल क्लाइव्ह फौज घेऊन विजयदुर्गासमोर येतात. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज आहे. बोलणी करण्यासाठी तुळाजी गडावरून उतरून मराठ्यांच्या छावणीत जातात. गड आपल्या मेहुण्यावर सोपवून जातात. इकडे इंग्रजांना भय वाटते की तुळाजी गड पेशव्यांच्या हवाली करतील आणि आपल्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून क्लाइव्हची माणसे घाईने किनाऱ्यावर उतरतात आणि गड व मराठी छावणी यांच्या मध्ये उभी राहतात. मित्रच मित्राची वाट अडवतो. हे सारे इतिहासाला धरून आहे, आणि त्या रात्री तटावरून दोन्ही बाजूंच्या मशाली पाहणाऱ्या कारकुनाला यांतला शत्रू कोण हेच उमगत नाही, असे जे लेखकाने लिहिले आहे ते मी तीन वेळा वाचले. पुढे काय होणार याची चाहूलही त्या प्रकरणात नाही. आपल्या मुलांना कादंबरीतले एकच प्रकरण वाचून दाखवायचे असेल तर हेच दाखवावे.

प्रश्न : “त्या रात्री मराठ्यांचे आरमार संपले” असे कादंबरीचे शेवटचे वाक्य आहे. ते खरे मानावे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : खरे मानू नये. त्या दिवशी जळाले ते मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार होते, एकमेव नव्हते. आपल्याच गावासमोरच्या सिंधुदुर्गावर कोल्हापूरकरांचे आरमार होते आणि मालवण 1812 मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत त्याचा वचक टिकला. कुलाब्याची आंग्र्यांची शाखा 1840 पर्यंत नांदली. खुद्द विजयदुर्गावर पेशव्यांनी पुन्हा आरमार उभे केले, आणि त्याचे सरसुभेदार आनंदराव धुळप यांनी एप्रिल 1783 मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज आपल्या ताफ्यानिशी गाठून काबीज केले. आंग्र्यांच्या तोडीची ताकद पुन्हा आली नाही, असे लेखकाला म्हणायचे असेल तर ते बरोबर आहे. पण तसे त्याने म्हटलेले नाही.

प्रश्न : आमच्या घराण्यातले लोक आंग्र्यांच्या गलबतांवर तांडेल (खलाशांचे म्होरके) होते असे माझे आजोबा सांगत. कादंबरीत सरदार आहेत, कारकून आहेत, इंग्रज कप्तानसुद्धा नावानिशी आहेत. आमच्या माणसांना मात्र ‘खलाशी ओरडले’, ‘खलाशी धावले’ याखेरीज काम नाही. शिवाय आषाढ महिन्यात गुराबांची (मोठ्या लढाऊ जहाजांची) लढाई दाखवली आहे. लेखकाने आषाढातला समुद्र कधी पाहिला आहे का, असे माझ्या वडिलांनी विचारायला सांगितले आहे.
— मच्छीमार कुटुंबातील एक वाचक, हर्णै

उत्तर : आपल्या वडिलांना माझा नमस्कार कळवावा. साऱ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांचे हे एक वाक्य. माझे बालपण वाघोटन खाडीच्या काठी गेले, तरीही ते प्रकरण वाचताना मला ही चूक दिसली नाही, याचे वाईट वाटते.

ज्येष्ठात वारा फिरला की होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून समुद्रात जात नाहीत, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलाला कळते. अडीचशे वर्षांपूर्वी, शिडांवर आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या जहाजांना तर हे बंधन अधिकच कडक होते. सुवर्णदुर्गाच्या पाडावानंतर लगेच विजयदुर्गावर हल्ला का झाला नाही याचे एक मोठे कारण हेच की, पावसाळा तोंडावर आला होता आणि जेम्सला मुंबईला परतावे लागले. एप्रिल 1755 आणि फेब्रुवारी 1756 यांच्यामध्ये जे अंतर पडले ते मुख्यतः समुद्राने पाडले. लेखकाला ते अंतर रिकामे वाटले आणि त्याने तेथे एक लढाई घातली. वास्तविक तोच काळ केवढा भरलेला होता! जहाजे गिर्ये येथल्या गोदीत आणि खाडीच्या आत निवाऱ्याला, सुवर्णदुर्ग गेल्याची बातमी घरोघर पोचलेली, समुद्र उघडला की काय होणार याची प्रत्येकाला चिंता, आणि पाऊस संपेपर्यंत कोणीही काहीही करू शकत नाही. राजकीय उलथापालथीत माणसे सर्वाधिक काळ वाट पाहण्यातच घालवतात, आणि त्या वाट पाहण्याची गोष्ट कोकणातल्या पावसाळ्याइतकी दुसरीकडे कोठे लिहिता येईल, असे मला वाटत नाही.

आता आपल्या पहिल्या तक्रारीविषयी. आंग्र्यांच्या आरमारावर कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्या सगळ्या समाजांची माणसे होती. त्यांची नावे कागदोपत्री फारशी सापडत नाहीत हे खरे, पण कादंबरीकाराची खरी गरज तेथेच असते. नानासाहेब आणि क्लाइव्ह यांच्याविषयी वाचायला इतिहासाचे ग्रंथ आहेत. नाव न उरलेल्या तांडेलाविषयी वाचायला कादंबरीवाचून दुसरे साधन नाही. आणि साहित्य अगदीच नाही असेही नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गुराबा आणि गलबते यांची मापे दिलेली आहेत : तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंतची, आणि गलबत फार तर 70 टनांचे, पण त्याला 40 ते 50 वल्ही. वारा पडला की हीच गलबते जड गुराबांना दोर बांधून ओढत नेत. पन्नास वल्ही मारणारी माणसे, त्यांना ताल देणारा कोणी एक, दोराला बसणारा हिसका, आणि समोर तोफा लागलेले शत्रूचे जहाज, एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण प्रकरण उभे राहिले असते. लेखकाने ते लिहिले नाही, कारण त्याचा निवेदक गडावरून खाली उतरतच नाही. कारकुनाच्या नजरेतून गोष्ट सांगायची ही निवड वाईट नव्हती, पण त्या कारकुनाला निदान एका तांडेलाचा स्नेह तरी जोडून द्यायला हवा होता.

आपल्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, असतील तेवढ्या, लिहून ठेवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. गोष्टीत काही भर पडलेली असली तरी जहाजाच्या भागांची नावे, वाऱ्यांची नावे आणि कामाच्या वेळची बोली या गोष्टींवर विश्वास ठेवायला हरकत नसते.

प्रश्न : सर्व पात्रे एकाच प्रकारची अलंकारिक भाषा बोलतात. गडावरचा पाणक्यासुद्धा दरबारातल्यासारखा बोलतो. ऐतिहासिक कादंबरीत हे चालायचेच काय?
— एक वाचक, दापोली

उत्तर : चालवून घेऊ नये. त्या काळची मोडी पत्रे पाहिली तर त्यांतली मराठी रोखठोक, कामापुरती आणि फारसी शब्दांनी भरलेली दिसते. दस्तक, कौल, सरखेल, सुभा हे शब्द तेव्हा रोजच्या व्यवहारातले होते. पेशवे दप्तरातले निवडक कागद 1930 पासूनच्या काही वर्षांत 45 खंडांत छापले गेले आहेत, त्यांतली शंभर पाने मोठ्याने वाचली तरी लेखकाच्या कानाला वळण लागेल. पाणक्याच्या तोंडी मालवणी द्यावी की साधी मराठी, हा लेखकाच्या आवाक्याचा प्रश्न आहे, पण दरबारी भाषा मात्र खासच नको.

प्रश्न : आग लागते आणि कादंबरी संपते. तुळाजींचे काय झाले, गडाचे काय झाले, त्या कारकुनाचे काय झाले, काहीच कळत नाही. मला तर कोणी तरी मध्येच पुस्तक हातातून काढून घेतल्यासारखे झाले. आगीवर शेवट करणे योग्य होते असे आपल्याला वाटते का?
— एक गृहिणी, गुहागर

उत्तर : आग हा मोह टाळण्यास कठीण असा शेवट आहे, आणि ती लागली कशी हे कळले म्हणजे तो मोह अधिकच समजतो. ‘रिस्टोरेशन’ नावाचे एक इंग्रजी जहाज तुळाजींनी 1749 मध्ये जिंकून आपल्या ताफ्यात घेतले होते. 12 फेब्रुवारीला इंग्रजांचा तोफगोळा पडून पहिल्याने पेटले ते हेच जहाज, आणि त्याची आग जवळजवळ उभ्या असलेल्या गुराबांना व गलबतांना लागत गेली. एका पिढीने कष्टाने उभे केलेले आरमार एका दुपारीत गेले. दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला, गड इंग्रजांच्या हाती पडला. असा प्रसंग हाती आल्यावर लेखकाची लेखणी तेथे थांबली, याचा मला राग येत नाही.

तरीही आपली तक्रार मला रास्त वाटते. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले ते पुन्हा सुटलेच नाहीत; निरनिराळ्या किल्ल्यांवर वर्षानुवर्षे बंदिवास भोगून तेथेच त्यांचा अंत झाला. नानासाहेब 1761 मध्ये पानिपतानंतर काही महिन्यांतच गेले, आणि ज्याने कैद केले त्याच्या पश्चात कितीतरी वर्षे कैदी जिवंत होता. ही एकच गोष्ट कादंबरीत आली असती तर विजय कोणाचा आणि पराभव कोणाचा, याचा विचार वाचकाने स्वतः केला असता.

आणि गडाचे काय झाले, हा आपला प्रश्न तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गडावर इंग्रजांना सुमारे 10 लाख रुपयांची लूट मिळाली. तिची वाटणी कशी करायची हे त्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच आपापसांत ठरवले होते, आणि त्या वाटणीत पेशव्यांचा हिस्सा नव्हता. गड पेशव्यांना द्यायचा असे ठरले असताना तो लगेच दिला नाही. बाणकोट परत घ्या आणि त्याऐवजी विजयदुर्ग आम्हाला राहू द्या, असे इंग्रजांचे म्हणणे पडले. नानासाहेब त्या सुमारास सावनूरच्या मोहिमेत गुंतले होते आणि तेथून त्यांना आपल्याच मित्राकडे आपला गड मागावा लागत होता. अखेर 12 ऑक्टोबर 1756 रोजी पुण्यात तह झाला, बाणकोट इंग्रजांकडे पक्के झाले आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. वॉटसन आणि क्लाइव्ह तोपर्यंत मद्रासहून बंगालला निघण्याच्या तयारीत होते.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर हे आठ महिने कोणत्याही कादंबरीत आलेले मी वाचलेले नाहीत. गडावर इंग्रजांचे निशाण, पायथ्याशी मराठ्यांची वसती, खाडीत जळक्या डोलकाठ्या, आणि मध्ये पुन्हा एक पावसाळा. गडावर नक्की सत्ता कोणाची हे गावातल्या कोणालाच सांगता येत नाही, आणि शेतसारा, जकात, माशांचा बाजार यांपैकी काहीही थांबत नाही. या कादंबरीतला कारकून हिशेब लिहिणारा आहे. गड पडल्यावर नव्या धन्याला तोफा, दारूगोळा, धान्य यांची यादी करायला लिहिता येणारा माणूस लागणारच, आणि ऑक्टोबरात गड परत देताना तीच यादी पुन्हा ताडून पाहावी लागणार. दोन्ही वेळा लेखणी धरणारा माणूस तोच असू शकतो. लेखकाने त्याला आणखी आठ महिने त्या गडावर ठेवावे आणि दुसरा भाग लिहावा, असे मी त्यांना पत्राने कळवणार आहे, आणि आपले पत्रही त्यासोबत पाठवणार आहे.